मुलगी शिकायला जर्मनीला चालली आहे आणि तिला सीलिअ‍ॅक आहे. तिथे तिच्या जेवणाचं कसं जमेल?

तुम्ही लिहिलंय की मुलगी एमएससाठी जर्मनीला निघाली आहे, सीलिअ‍ॅकचं निदान अलीकडेच झालंय (या आजारात गहू, जव यांसारख्या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की लहान आतड्याला इजा होते), आणि तिकडे गव्हाशिवाय काही मिळणार नाही या काळजीनं तुम्ही घरूनच जमेल तेवढं करून बॅगेत भरणार आहात. मला स्वतःला सीलिअ‍ॅक आहे आणि मी बरीच वर्षं स्टुटगार्टजवळ राहते. म्हणून आधी त्या बॅगेबद्दलच सांगते, कारण मला जर्मनीतल्या दुकानांपेक्षा तिचीच जास्त काळजी वाटते.

मेतकुटात डाळ-तांदळाबरोबर बहुतेक घरी मूठभर गहू भाजून घालतात. थालिपिठाच्या भाजणीतही गहू असतो, कुरडया तर गव्हाच्याच. ज्वारी-बाजरीचं पीठ खरं तर चालायला हवं, पण गिरणीत त्याच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि ते पीठ जात्यात उरलेलंच असतं. आणि सगळ्यात फसवा आपला हिंग. डबीतला हिंग सहसा निव्वळ नसतो, त्यात डिंक आणि गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. तो हिंग मग लोणच्यात, पापडात, चिवड्यात, आमटीत सगळीकडे जातो. काही कंपन्या गव्हाऐवजी तांदळाचं पीठ वापरतात. डबीवरचे घटक वाचून तसाच हिंग घ्या, आणि तिच्यासाठीचं लोणचं-मेतकूट तो हिंग वापरून, गहू वगळून, वेगळं करा. तूप, पेढे, खवा मात्र भरू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे.

आता दुकानांचं. इथे कायदा तिच्या बाजूनं आहे. डिसेंबर 2014 पासून संपूर्ण युरोपीय संघात 14 प्रकारचे अ‍ॅलर्जीकारक घटक पाकिटावरच्या यादीत ठळक अक्षरांत किंवा वेगळे उठून दिसतील असे छापावे लागतात, आणि ग्लूटेन असलेली धान्यं त्यांत पहिलीच आहेत. मात्र यादीत ‘ग्लूटेन’ हा शब्द असेलच असं नाही, धान्याचं नाव असतं. त्यामुळे तिनं विमानात बसण्याआधी ही नावं पाठ करावीत: वाइत्सेन म्हणजे गहू, रोगेन म्हणजे राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य), गेर्स्टे म्हणजे जव, हाफर म्हणजे ओट. पाचवं डिंकेल. हा गव्हाचाच जुना प्रकार. ‘हे पचायला हलकं असतं’ असं सांगून लोक प्रेमानं डिंकेलचा ब्रेड पुढे करतील. तो तिला अजिबात चालणार नाही. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये बऱ्याचदा जवाचा माल्ट असतो आणि सोया सॉसमध्ये गहू. उलट बुखवाइत्सेन म्हणजे आपला कुट्टू, नावात वाइत्सेन असूनही तो चालतो, फक्त पाकीट ‘ग्लूटेनफ्राय’, म्हणजे ग्लूटेनमुक्त, असं लिहिलेलं हवं. ओटलाही तीच अट.

‘ग्लूटेनफ्राय’ लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. कणसावर तिरकी रेघ मारलेलं चिन्हही शोधायला सांगा. ‘अमुकचे अंश असू शकतात’ ही सूचना छापणं मात्र ऐच्छिक आहे, ती नसली म्हणजे अंश नाहीत असं समजू नये. सुपरमार्केटमध्ये आणि डीएम, रॉसमनसारख्या दुकानांत ब्रेड, पास्ता, पीठ सगळं मिळतं. महाग असतं, आणि जर्मनीत आरोग्य विमा त्याचे पैसे देत नाही. (इटलीत सरकार सीलिअ‍ॅक असलेल्यांना दरमहा भत्ता देतं. इथे तसं काही नाही.) म्हणून रोजचा आधार तांदूळ, बटाटा, डाळी, अंडी, भाज्या हाच ठेवावा. विकतचा ब्रेड कधीतरी.

खरी कसोटी आहे ती सामायिक स्वयंपाकघराची. विद्यार्थी चार-पाच जण मिळून एक फ्लॅट घेतात. टोस्टर एकच, लाकडी फळी एकच, पास्ता निथळायची चाळणी एकच, आणि बटरच्या डब्यात सगळ्यांच्या सुऱ्यांवरचा ब्रेडचा चुरा. सीलिअ‍ॅकमध्ये एवढ्या चुऱ्यानंही लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, पोट दुखलं नाही तरी. तिनं स्वतःचा तवा, चाळणी, फळी आणि झारा वेगळा ठेवावा, त्यावर नाव लिहावं, आणि राहायला जाण्याआधीच सोबत्यांना कारण सांगावं. माझा अनुभव असा की जर्मन माणसाला नियम स्पष्ट सांगितला की तो पाळतो. मोघम सांगितलं की गोंधळतो.

विद्यापीठाच्या मेन्झामध्ये, म्हणजे कँटीनमध्ये, पदार्थापुढे छोटी अक्षरं-आकडे असतात, त्यांची फोड तिथेच लावलेली असते. पण त्यावरून पदार्थात काय घातलंय तेवढंच कळतं, डाव कुठला वापरला ते नाही. बटाट्याचे तळलेले काप बहुधा श्निट्सेलच्याच (ब्रेडचा चुरा लावून तळलेल्या मांसाच्या) तेलातून निघतात. तिनं विचारावं, समाधान झालं नाही तर डबा न्यावा. बेकरीत तर सुटं काहीच घेऊ नये, तिथे हवेतसुद्धा पीठ असतं.

गणपती-दिवाळीला मराठी मंडळी जमतील, आग्रह होईल, ‘एवढंसं खाल्लं तर काय होतंय?’ हेही ऐकावं लागेल. तिथे मी एक साधी गोष्ट करते. कुणी जेवायला बोलावलं की सांगते, ‘माझ्यासाठी उपवासाचं करा, आणि भांडं स्वच्छ घासलेलं घ्या.’ साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी यांत ना गहू, ना हिंग. प्रत्येक मराठी घराला हे करता येतं, बोलावणाऱ्याला घटकांची यादी वाचत बसावं लागत नाही आणि आपण पाहुण्यासारखं पंगतीत बसतो. परदेशात एकटं जेवण्याचा कंटाळा फार येतो. तिला हे जमलं तर तुमची निम्मी काळजी मिटेल.

निदान नवं असल्यामुळे काही महिने तिला दूधही बाधू शकतं. आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं. ‘लाक्टोजेफ्राय’, म्हणजे ती साखर नसलेलं, दूध आणि दही इथे कुठेही मिळतं, त्यामुळे त्याचं टेन्शन नको. बायोप्सी आणि अँटीबॉडीचे रिपोर्ट इंग्रजीत सोबत द्या आणि इथे आल्यावर तिनं आपल्या डॉक्टरांकडे वर्षाकाठी रक्ततपासणी सुरू ठेवावी. जर्मनीतली सीलिअ‍ॅकची संघटना 1974 पासून स्टुटगार्टमधून काम करते, सभासदांना चालणाऱ्या पदार्थांची यादी देते. तिनं पहिल्याच महिन्यात सभासद व्हावं असं मी आग्रहानं सांगेन. ती कोणत्या शहरात जातेय ते लिहा, तिथल्या दुकानांबद्दल माहीत असेल ते कळवते.