शेकाट्याची मान, बगळ्याची मांडी

चि. पाखरवेड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले. तीन खंडांतले तीन शेकाटे, हे लांब पायांचे पाणपक्षी, एका ओळीत मांडून तू खाली विचारलं आहेस, ‘फरक दिसतो का?’ खरं सांगतो, उजेडातला फरक दिसतो, पक्ष्यांतला नाही. एक संध्याकाळच्या तांबूस उन्हात, दुसरा पुलावरून खाली वाकून टिपलेला, तिसरा बॅकलाइटमध्ये, म्हणजे मागून ऊन येत असताना, उडताना. एकेकटे पाहिले तर तिन्ही झकास. शेजारी ठेवले की बोट कुठे ठेवावं तेच कळत नाही.

मुळात नेमकं काय टिपायचं हे आधी ठरवावं लागतं. शेकाट्यात ती जागा म्हणजे मानेची मागची बाजू. आशिया, युरोप, आफ्रिकेतल्या शेकाट्याचं डोकं कधी निव्वळ पांढरं असतं, कधी त्यावर काळपट टोपी असते. म्हणून नुसत्या डोक्यावर भरवसा ठेवलास की फसलास. अमेरिकेतल्या शेकाट्याच्या पाठीचा काळा रंग मानेमागून सलग डोक्यावर चढतो आणि डोळ्यावर पांढरा ठिपका राहतो. ऑस्ट्रेलियातल्याचं डोकं पांढरं. मानेमागे काळा पट्टा असतो, पण तो आणि काळी पाठ यांच्यामध्ये बहुधा पांढरी फट दिसते. ही फट मान आखडलेली असताना पिसांत बुडून जाते. चरताना पक्षी वाकलेलाच असतो, मध्येच क्षणभर मान ताणून आजूबाजूला बघतो. तेवढ्यासाठी थांबायचं. एक फोटो बरोबर बाजूने, एक थोडा मागून. पाठमोरा पक्षी कुणी काढत नाही, तू काढ. मान वर करायला टाळ्या वाजवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या नादी लागू नकोस.

आता त्या तांबूस उन्हाबद्दल. मलाही ते आवडतं, पण ते खोटं बोलतं. शेकाट्याचे गुलाबी पाय त्यात नारिंगी होतात आणि मग तू दोन खंडांतल्या पायांचे रंग कसे वेगळे यावर विचार करत बसतोस. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा समतोल, ऑटोवर सोडू नकोस. ५५०० केल्व्हिनच्या आसपास एकदा ठरव आणि सगळीकडे तोच ठेव. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढ. एक्स्पोजर पांढऱ्या पोटाकडे बघून लाव, तिथली पिसं फोटोत पांढरीफटक झाली की परत आणता येत नाहीत. काळ्या पाठीतला तपशील मागाहून उचलता येतो, आणि तो उचलच: नराच्या पाठीवर हिरवट चकाकी असते, मादीची पाठ तपकिरीकडे झुकते. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर हवा. चिखलात आडवं पडावं लागेल, इलाज नाही.

मी पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात गेलो तेव्हा सवयीने दक्षिणेला पाठ करून बसलो. दहा वाजेपर्यंत ऊन थेट भिंगात! तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो, हे शाळेत शिकलेलं पाण्याच्या काठावर आठवलंच नाही. ऋतूही तिकडे उलटे. वर वळलेल्या चोचीच्या उचाटांच्या फोटोंची जोडी लावायची असेल तर हे फार नडतं. अमेरिकी उचाटाची मान विणीच्या काळात तांबूस होते, हिवाळ्यात राखाडी-पांढरी. ऑस्ट्रेलियन उचाटाची मान मात्र बारमाही तांबडी. नुसत्या फोटोवरून हे कुणाला कळणार? म्हणून तारीख आणि ठिकाण फाइलच्या नावातच घाल.

राखी बगळ्याचं तू विचारलंस. अमेरिकेतला मोठा निळा बगळा त्याच्यापेक्षा थोराड असतो, पण फोटोत आकार कळत नाही. मांडी बघ. निळ्याच्या मांडीवर तांबूस पिसं असतात, राख्याच्या मांडीवर नसतात. तुझ्या बगळ्यांच्या नऊपैकी सात फोटोंत मांडी गवतात गेली आहे.

सारखेपणा म्हणजे नातं असंही समजू नकोस. उत्तर अमेरिकेतला मेडोलार्क आणि आफ्रिकेतला पिवळ्या गळ्याचा लाँगक्लॉ, दोघांचं पोट पिवळं, छातीवर काळी कमान. जुळे भाऊ वाटावेत. पण लाँगक्लॉ धोबी पक्ष्याच्या कुळातला आणि मेडोलार्क अमेरिकी ओरिओलच्या. (हे ओरिओलही आपल्या हळद्याचे कुणी लागत नाहीत, दिसण्यावरून युरोपियनांनी नाव चिकटवलं.) लाँगक्लॉच्या मागच्या बोटाची नखी लांब असते, नाव त्यावरूनच पडलं. तो उघड्या फांदीवर किंवा दगडावर येईपर्यंत नखी मिळणार नाही.

न्यूझीलंडला जाणार आहेस म्हणून एक सांगतो. तिथला काळा शेकाट्या, माओरी भाषेत ‘काकी’, १९८१ मध्ये जेमतेम २३ उरला होता. आजही तो दुर्मीळच आहे आणि तिथल्याच पांढऱ्या डोक्याच्या शेकाट्याशी त्याचा संकर होतो, त्यामुळे मधल्याच रंगाचे पक्षी दिसतील. अशा फोटोला घाईने जातीचं नाव देऊ नकोस. आणि कुठलाही शेकाट्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला, किंवा पंख मोडल्याचं सोंग करून फरफटू लागला, की जवळपास अंडी किंवा पिल्लं आहेत. आलास त्याच वाटेने, पायाखाली बघत मागे फिर. तो सोंग करतानाचा फोटो मला दाखवू नकोस.

पुढच्या खेपेला फक्त पाठमोरे पाठव.

तुझा,
काका