खेळघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, अमेरिकेतल्या मावसभावामुळे मला ‘हूप्स डायनेस्टी’ या ऑनलाइन कॉलेज बास्केटबॉल गेमचा नाद लागला. डिव्हिजन ३ मधला, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवरचा, एक संघ घेतला आणि पहिल्याच भरतीत एकूण रेटिंग सगळ्यात जास्त असलेली पाच पोरं उचलली. तरी मोसमात १९ सामने हरलो. रेटिंग जास्त असून संघ हरतो कसा? नवा पोरगा पारखायचा कसा? मी फुल कोर्ट प्रेस (समोरच्या संघाला पूर्ण मैदानभर दाबणं) खेळतो. पाचही जणांचे आणि मी सोडून दिलेल्या एका सेंटरचे आकडे सोबत पाठवतोय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तुझा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा गडी, बघू. एकूण ५२४. ऐकायला भारी. आता आत डोकाव : ड्युरेबिलिटी ८८, स्टॅमिना ८१, स्पीड ५५, बॉल हँडलिंग ४७. आणि रिबाउंडिंग (हुकलेला चेंडू पकडणं)? २६. लो पोस्ट (बास्केटजवळून गुण करणं) १९. अरे, हा पोरगा न थकता, न दुखापत होता चाळीस मिनिटं बास्केटखाली नुसता उभा राहणार.

एकूण रेटिंग म्हणजे बारा आकड्यांची सरळ बेरीज. दुखापतीशी संबंध असलेला ड्युरेबिलिटीचा आकडा तिथे रिबाउंडिंगच्याच भावाने मोजला जातो. मी तर ड्युरेबिलिटीकडे बघतसुद्धा नाही. ज्याला तू सोडून दिलंस म्हणतोस, तो ४६१ वाला सेंटर बघ : रिबाउंडिंग ५१, शॉट ब्लॉकिंग ४६, अ‍ॅथलेटिसिझम ४४. पेरिमीटर (लांबून बास्केट करणं) २ म्हणून तुला तो नको वाटला. सेंटरने तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून मारायचंय कशाला? गार्डचं, म्हणजे लांबून चेंडू खेळवणाऱ्याचं, याच्या बरोब्बर उलट. त्याचं शॉट ब्लॉकिंग शून्य असेना का. स्पीड, पेरिमीटर, बॉल हँडलिंग आणि पासिंग सोडून बाकीचे आकडे बघायचेच नाहीत. डिफेन्स आणि अ‍ॅथलेटिसिझम मात्र पाचही जागांवर लागतात.

हे झालं आजचं. पण पोरगा तुझ्याकडे चार वर्षं राहणार, म्हणून प्रत्येक गुणापुढचं पोटेन्शियल वाच. आमचे आजोबा बाजारात बैल बघताना आधी दात बघायचे, मग चालवून बघायचे. पोटेन्शियल म्हणजे दात. दातांवरून बैलाचं वय कळतं, तसं यावरून तो गुण अजून किती वाढेल ते कळतं. चालवून बघणं म्हणजे वर्क एथिक, मेहनतीची तयारी. पोटेन्शियल हाय आणि वर्क एथिक १४, असा एक फॉरवर्ड मी हौसेने घेतला होता. लो पोस्ट, रिबाउंडिंग, सगळीकडे हाय. तिसऱ्या वर्षापर्यंत तो बाकावरच. चौथ्या वर्षी कुठे अंगात आलं, तोवर निरोपाची वेळ! त्याच भरतीत नाइलाजाने घेतलेला एक गार्ड, पेरिमीटर ३८, वर्क एथिक ७१, शेवटच्या वर्षी ६६ वर पोचला आणि त्याने मला कॉन्फरन्स (आमच्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा) जिंकून दिली. दुसरी गंमत अशी की पोटेन्शियल हाय आहे ते नेमकं कशात, हे लोक बघत नाहीत. सेंटरच्या पासिंगला हाय असेल, तर पाहुण्यांना दाखवायला ठीक.

स्काउटिंगचे, म्हणजे पोरं हेरायचे, पैसे जपून वापर. दूरदूरची शंभर पोरं वरवर चाळण्यापेक्षा जवळच्या राज्यांतली वीस नीट तपासलेली बरी. घरी भेट, कॅम्पस भेट यांचा खर्च अंतराबरोबर वाढतो. काही पोरांना घराजवळच राहायचं असतं, काहींना घरापासून लांब पळायचं असतं. पसंतीच्या रकान्यात ते लिहिलेलं असतं. (खऱ्या अमेरिकेत डिव्हिजन ३ ची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. गेममध्ये मात्र आपण खुशाल वाटतो.)

तू फुल कोर्ट प्रेस खेळतोस असंही लिहिलंयस. मग तर विचारूच नको! प्रेसला पळणारे दहा जण लागतात, कारण पाच जण विसाव्या मिनिटाला धापा टाकतात. तिथे स्टॅमिना खरोखर कामाचा. तुझ्या पाचांत स्पीड ५० च्या वर असलेले दोघेच, त्यातला एक हा आपला सेंटर. त्यात पाचही एकाच वर्षाचे, म्हणजे चार मोसमांनी पाचही एकदमच जाणार आणि संघाची पाटी पुन्हा कोरी. पुढच्या भरतीत तीनच घे. एखादी स्कॉलरशिप रिकामी राहिली तर राहू दे.

माणसं आकड्यांत मावत नाहीत, हेही खरंच. अमेरिकेतला नामवंत बास्केटबॉलपटू स्टीफन करी याचे वडील डेल करी व्हर्जिनिया टेक या कॉलेजकडून खेळलेले, तरी त्या कॉलेजने अंगाने किरकोळ असलेल्या स्टीफनला स्कॉलरशिप देऊ केली नाही. तो डेव्हिडसनला गेला आणि २००८ मध्ये त्या छोट्या कॉलेजला त्याने राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत नेलं. तिथे ते कॅन्ससकडून ५९-५७ असे हरले. गेममध्ये असा चमत्कार होत नाही. पोटेन्शियल लो म्हणजे लोच. म्हणून तर मला हा गेम आवडतो. इथे चुकलं तर चूक माझीच असते.

प्रश्न : एका चांगल्या गार्डला पहिल्या पाचात खेळवण्याचं वचन दिलं तर तो यायला तयार आहे. द्यावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आज तो तुमच्या पहिल्या पाचात बसत असेल तरच द्या. वचन मोडलं की पोरगं रुसतं आणि दुसऱ्या कॉलेजात जातं. मी एकदा दोन गार्डांना एकच जागा कबूल केली होती. पुढच्या मोसमात माझ्याकडे एकच गार्ड उरला, तोही तिसराच.

प्रश्न : खेळाला उत्तम पण अभ्यासात कच्चा, असा खेळाडू घ्यावा का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : एक चालेल, दोन नकोत. अभ्यासाला दिलेली मिनिटं सरावातून कापली जातात. नापासाच्या काठावरचे तीन फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) एका वर्षी माझ्याकडे होते. त्या मोसमात माझी पोरं ड्रिबलिंगपेक्षा अभ्यासिकेतच जास्त बसली.