कॅमेरा घेण्याआधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या छोट्या कार्यालयात प्रवेशद्वार, हिशेबाची खोली, मागचा दरवाजा आणि वाहनतळ अशा चार ठिकाणी कॅमेरे बसवायचे आहेत. एक विक्रेता सगळीकडे आठ मेगापिक्सेलचे कॅमेरे घ्या म्हणतो, तर दुसऱ्याच्या मते दोन मेगापिक्सेलचे पुरेसे आहेत. कोणाचे ऐकावे?

उत्तर: त्या त्या ठिकाणच्या चित्रावरून आपल्याला काय कळायला हवे, हे दोघांनीही विचारलेले दिसत नाही. कोणीतरी आले एवढे कळणे, ओळखीचा माणूस ओळखू येणे आणि कधीही न पाहिलेल्या माणसाचा चेहरा खात्रीने पटणे या तीन वेगवेगळ्या गरजा आहेत. आयईसी 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत त्यांसाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला अनुक्रमे 25, 125 आणि 250 पिक्सेल असा हिशेब दिला आहे.

दोन मेगापिक्सेलचे चित्र 1920 पिक्सेल रुंद असते; म्हणजे अनोळखी चेहरा पटवायचा असेल, तर चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदीची जागा येऊन चालत नाही. सर्रास मिळणारी 2.8 मिलिमीटरची लेन्स साधारण शंभर अंशांचा परिसर टिपते, त्यामुळे ही मर्यादा कॅमेऱ्यापासून तीन-सव्वातीन मीटरवरच संपते. त्याच लेन्ससह आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर चौपट पिक्सेल मिळूनही हे अंतर जेमतेम दुप्पट होते, कारण वाढ रुंदी आणि उंची या दोहोंत वाटली जाते. म्हणून प्रवेशद्वारासाठी दोन किंवा चार मेगापिक्सेलचा, पण कमी रुंदीचा परिसर टिपणाऱ्या चार किंवा सहा मिलिमीटरच्या लेन्सचा कॅमेरा घ्यावा आणि तो फक्त दारावर रोखावा. दाराबाहेर ऊन असेल, तर आत येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. तिथे डब्ल्यूडीआर, म्हणजे एकाच चित्रातील प्रखर उजेड आणि सावली दोन्ही नीट दाखवणारी सोय असलेलाच कॅमेरा हवा. तो छताला चिकटवण्याचा आग्रह धरू नये, कारण फार उंचावरून टोप्या आणि टक्कल यांचेच चित्रीकरण होते. दोन ते अडीच मीटर उंची ठीक.

वाहनतळावर रुंद लेन्स आणि जास्त मेगापिक्सेल यांचा खरा उपयोग आहे. मात्र, त्याच कॅमेऱ्यात रात्री गाड्यांचे क्रमांकही वाचता येतील, या आश्वासनावर विसंबू नये. समोरच्या दिव्यांच्या झोतात पाटी पांढरी पडते आणि त्या कामासाठी वेगळा कॅमेरा लागतो. हिशेबाच्या खोलीत साधा कॅमेरा चालेल.

साठवणीचा हिशेब खरेदीपूर्वीच मांडावा. सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने अखंड चित्रीकरण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांना दोन टीबीची हार्ड डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. चोरी महिन्याभराने लक्षात येण्याची शक्यता असेल, तर ही डिस्क अपुरी आहे. चित्रीकरण साठवणारा रेकॉर्डर (डीव्हीआर किंवा एनव्हीआर) टेबलावर उघडा ठेवू नये, हेही ओघाने आलेच. चोर जाताना तोही घेऊन जातो.

प्रश्न: घराच्या खिडकीत आतून लावलेला कॅमेरा दिवसा उत्तम दिसतो, पण रात्री नुसता पांढरा ढग दिसतो. कॅमेरा खराब आहे का?

उत्तर: कॅमेरा ठीक आहे. अंधार पडला की त्यातील इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्यांचा प्रकाश काचेवरून उलटून थेट लेन्समध्ये शिरतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हे दिवे बंद करावेत आणि बाहेर एक साधा दिवा लावावा, किंवा कॅमेराच बाहेर बसवावा. त्यासाठी त्यावर धूळ आणि पाण्यापासून संरक्षण दाखवणारा आयपी66 किंवा आयपी67 असा दर्जा नोंदलेला असावा. बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळे विणले, तरी रात्री असाच पांढरेपणा येतो, तेव्हा अधूनमधून झाडणी फिरवावी.

प्रश्न: वायफायचे कॅमेरे घरात बसवले, तर परका माणूस ते उघडून पाहू शकतो का?

उत्तर: निष्काळजीपणा झाला तर पाहू शकतो. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी तसेच ठेवले होते म्हणून. त्यामुळे पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा, तो इतरत्र वापरू नये, ॲपमध्ये दुहेरी पडताळणी असल्यास ती चालू करावी आणि ज्या कंपनीकडून सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती येत नाही, तिचा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. बसवायला आलेल्या कारागिराने स्वतःच्या खात्यावर यंत्रणा सुरू करून दिली असेल, तर ती आपल्या खात्यावर घ्यावी. ही गोष्ट फार जण विसरतात. शयनगृहात कॅमेरा न लावणे उत्तम.

वायफाय असले, तरी बॅटरीवर चालणारे कॅमेरे सोडल्यास विजेची वायर लागतेच आणि राउटर बंद पडला की दूरवरून काही दिसत नाही. जिथे भिंतीतून केबल नेणे शक्य आहे, तिथे वीज आणि चित्र एकाच केबलमधून नेणारी पीओई पद्धत अधिक भरवशाची आहे. तिची मर्यादा 100 मीटर आहे. या पद्धतीत सगळ्या केबल ज्याला जोडल्या जातात तो स्विच आणि रेकॉर्डर एका लहानशा यूपीएसवर ठेवले, की वीज गेल्यावरही सगळे कॅमेरे काही काळ चालू राहतात.