डॉक्टरांचा सल्ला फोनवर घेणं कितपत योग्य?

डॉक्टर तुम्हाला ओळखत असतील तर खुशाल घ्या. बीपी-शुगरचे जुने पेशंट, रिपोर्ट दाखवणं, गोळीचा डोस विचारणं, जुलाबात काय खायला द्यायचं, एवढ्यासाठी तालुक्याला जाऊन अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही. सरकारी 'ई-संजीवनी'वर तर डॉक्टर फुकट भेटतात, फक्त नेट लागतं.

अडचण आहे ती तपासणीची. फोनवरून पोट दाबून बघता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लागत नाही. "पोटात दुखतंय" म्हणजे ॲसिडिटी की अपेंडिक्स, हे नुसत्या आवाजावरून कसं कळणार? त्यात आपण लक्षणं अर्धवट सांगतो, आणि घरचे बाजूने तिसरंच काही सांगत असतात.

मार्च 2020 मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून सल्ला देण्याचे, नियम आणले. त्यानुसार तुम्हाला आधी न तपासलेले डॉक्टर पहिल्यांदा नुसत्या फोनवर पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधंच देऊ शकतात. पुढच्या बऱ्याच औषधांना व्हिडिओ कॉल हवा, आणि मॉर्फीनसारखी तर अजिबात नाही. त्यामुळे अनोळखी डॉक्टर पहिल्याच कॉलवर भारी अँटिबायोटिक लिहून देत असेल तर सावध व्हा. चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर आहे का, तेही बघा.

छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बाळ दूध न पिता मलूल पडणं, यात सल्ला विचारत बसू नका. थेट 108 लावा.