सजावटीची कल्पना माटवीखाली उभे राहून शोधावी

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा सुवर्णमहोत्सवी कार्यक्रम सप्टेंबरअखेरीस होणार असून व्यासपीठ व सभागृह यांची सजावट माझ्याकडे आली आहे. मंडप-सजावटीची कामे घेणारे जी छायाचित्रे दाखवतात, त्यांत प्लास्टिकची फुले, झालरी आणि मागचा छापील फलक यांखेरीज काही नसते. निसर्गातून आणि रोजच्या वस्तूंतून कल्पना घ्यावी, असे सगळे सुचवतात. पण ती नेमकी घ्यायची कशी?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ती छायाचित्रे आधी बाजूला ठेवावीत, कारण ते दुसऱ्या कोणी दुसऱ्याच जागेसाठी केलेले काम आहे. वस्तूपासून कल्पना घेणे म्हणजे तिची मोठी प्रतिकृती करणे, असा समज फार रूढ आहे. त्यातूनच वाचनालयांच्या समारंभात थर्माकोलचे भले मोठे उघडे पुस्तक दिसू लागले. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आली, तरी ती सवय पुठ्ठ्यावर चालूच आहे. वस्तूकडून घ्यावी ती तिची बांधणी : ती कशावर तोललेली आहे, तिच्यात काय पुन्हा पुन्हा येते आणि मोकळी जागा कुठे सोडली आहे.

आपल्या भागात यासाठी माटवीइतकी चांगली वस्तू नाही. गणपतीच्या वर छताला टांगलेली ती लाकडी चौकट, तिला बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, तवशी (मोठ्या काकड्या), कवंडळे (रानफळे) आणि आंब्याचे टाळ (डहाळ्या) आपण लहानपणापासून पाहिले असतील. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात आणि तिच्या स्पर्धाही भरतात. आता तिच्याखाली उभे राहून केवळ रचना पाहावी. सजावट मूर्तीच्या मागे नसून डोक्यावर आहे, त्यामुळे जमीन मोकळी राहते आणि माणसाची नजर आपोआप वर जाते. प्रत्येक जिन्नस सुटा लोंबतो, म्हणून त्याचा आकार वेगळा ओळखू येतो, आणि चौकट मात्र साधी, काटकोनातच असते. फळांनी भरलेली माटवी जशीच्या तशी सभागृहात नेऊ नये, कारण तिचे स्थान देवापुढचे आहे; चौकट तेवढी उचलावी. तिला वाचनालयाची जुनी नोंदकार्डे (मूळ कार्डे न वापरता त्यांच्या जाड कागदावरच्या प्रती) सुतळीने वेगवेगळ्या उंचीवर बांधावीत आणि मधूनमधून सुपारीचे घोस सोडावेत. पन्नास वर्षांतील ग्रंथपालांची हस्ताक्षरे लोक मान वर करून वाचतील, आणि हे दृश्य दुसऱ्या कोणत्याही सभागृहात दिसणार नाही.

व्यासपीठासाठी शेरवड हे रानझुडूप पाहावे. त्याचे खरे फूल लहान, नारिंगी असते. त्याला लागून असलेले एकच दल पानाएवढे वाढून पांढरे होते, आणि पावसाळ्यातल्या गच्च हिरव्या झुडपात लांबून दिसते ते हे दल. व्यासपीठाची मागची बाजू पूर्ण गडद हिरवी ठेवावी, वक्त्याच्या मागे एकच कोरे पांढरे कापड ताणावे आणि त्यावर वाचनालयाचे नाव लहान नारिंगी अक्षरांत लिहावे. दुसरे काहीही लावू नये. आयोजकांपैकी कोणाला ते रिकामे वाटेल आणि चार कुंड्या ठेवण्याचा आग्रह होईल. तिथे आपण ठाम राहावे, असे मला मनापासून वाटते.

खऱ्या वनस्पती वापरायच्या तर त्यांचा टिकाऊपणा पाहावा. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण झाडावरच्या फुलाला लागू पडते. खुडलेला तेरडा दुपारपर्यंतही तग धरत नाही. सुपारीचा घोस, झेंडू आणि केळीचे खांब त्या मानाने टिकतात. कळलावीची लाल-पिवळी फुले कितीही मोहक दिसली, तरी ते सबंध झाड विषारी आहे, विशेषतः त्याचा कंद. मुलांच्या हाताशी किंवा चहापानाच्या टेबलावर ती नकोत. रानातून आणताना फांदी कापावी, झाड मुळासकट उपटू नये, आणि जे एखाद-दुसरेच दिसेल ते जागेवरच राहू द्यावे.

राहिला प्रश्न वजनाचा. सभागृहाच्या छताला कड्या आहेत का आणि त्या किती भार घेतील, हे सुताराकडून आधी तपासून घ्यावे. कड्या नसतील तर चार बांबू रोवून चौकट त्यांवर बांधावी. सर्वांत खालचे कार्ड जमिनीपासून निदान सात फुटांवर असावे, आणि पंखे चालू करून रचना आदल्या दिवशीच पाहावी, कारण वाऱ्याने सुतळ्या एकमेकींत गुंतल्या तर त्या भरल्या सभागृहात सोडवता येत नाहीत.