घरून लीगलचं काम करायचंय, पण अनुभव कुठून आणू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरची, रामबागेत राहते. एलएलबी झालं आणि लगेच लग्न झालं, मग मुलगी, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढायची राहूनच गेली. आता मुलगी तीन वर्षांची आहे पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यामुळे दिवसभर कोर्टात थांबणं शक्यच नाही. घरून करता येईल असं लीगलचं काम शोधतेय तर जिथे बघावं तिथे दोन वर्षांचा अनुभव मागतात. घरी मराठी, शाळा हिंदी, कॉलेज इंग्लिश, एवढंच माझ्याकडे आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : अगं, "एवढंच" म्हणतेस तेच तुझं सगळ्यात मोठं भांडवल आहे. महाराष्ट्रातल्या जमिनीचे कागद मराठीत असतात, सातबारा, फेरफार, आठ अ, जुनी खरेदीखतं, आणि ती जमीन घेणारी कंपनी किंवा तिचे वकील दिल्ली नाहीतर बंगलोरला बसलेले असले की त्यांना ते सगळं इंग्लिशमध्ये लागतं. नुसतं मराठी येणारा भाषांतरकार तिथे अडकतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असलं तर ती जमीन साधारणपणे सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, इतर अधिकाराच्या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाचं नाव असलं तर व्यवहार तिथेच थांबू शकतो, हे ज्याला कळतं तो भाषांतराच्या खाली दोन ओळींची टीप टाकतो आणि त्या टीपेसाठीच वकील पुन्हा त्याच्याकडे येतो. एलएलबी केलेली, मराठी घरातली मुलगी हे करू शकते, आणि करावंच असं मला मनापासून वाटतं.

आता अनुभवाचं. अनुभव मागणाऱ्याला खरं तर एवढंच बघायचं असतं की हिच्या हातात कागद दिला तर ती तो नीट वाचेल की नाही, आणि ते तू नोकरी नसतानाही दाखवू शकतेस. दोन नमुने तयार कर. एक, जळगाव-नाशिककडे कुणी नातलग असतील तर त्यांना विचारून त्यांचा सातबारा घे (महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर बिनसहीचा फुकट बघता येतो), नावं आणि गट नंबर झाकून त्याचं इंग्लिश भाषांतर कर, खाली टीप दे. दोन, घरातल्या कुणाचं तरी जॉइनिंग लेटर घे, कंपनीचं नाव काढून टाक आणि एक पानाची नोट लिही की कुठलं कलम नोकरी करणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतं. बऱ्याच लेटरमध्ये असतं ना, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही, तर १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २७ काढून लिही की नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे कोर्टात सहसा टिकत नाही, सोबत एखादा निकाल जोड. निकाल शोधायला पैसे लागत नाहीत, इंडियन कानून ही वेबसाइट आहे, सुप्रीम कोर्टाचं स्वतःच्या निकालांचं ई-एससीआर आहे, दोन्ही फुकट. आणि वर्डमधलं ट्रॅक चेंजेस, म्हणजे कुणी काय बदललं ते दाखवणारी सोय, हाताखालून घाल, कॉन्ट्रॅक्टचं काम सगळं त्यातच चालतं.

घरून काम म्हणजे लांबच्या शहरातलंच असं पण नाही. एमजी रोडवर आपलं हायकोर्टाचं खंडपीठ आहे, तिथल्या वकिलांना रोज लिस्ट ऑफ डेट्स, म्हणजे केसमधल्या घटनांची तारीखवार यादी, लागते, जुन्या हिंदी कागदांचं इंग्लिश लागतं, एखाद्या मुद्द्यावर चार निकाल लागतात, आणि हे सगळं रात्री मुलगी झोपल्यावर पण होतं. कॉलेजच्या ओळखीतल्या एखाद्या वकीलसाहेबांना आधी एक काम करून दाखव, पण दुसऱ्या कामापासून दर पानामागे पैसे ठरवून घे, संकोच करू नकोस, फुकट काम एकदा सवयीचं झालं की पुढे मागणं जड जातं. कुणाचेही कागद फुकटच्या ऑनलाइन ट्रान्सलेटरमध्ये टाकायचे नाहीत, पक्षकाराची गुपितं असतात ती.

सनद मात्र काढ. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सनद देणारी बार काउन्सिल कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त फी घेऊ शकत नाही, म्हणजे जनरलला ७५० रुपये, एससी-एसटीला १२५. मग बारची एआयबीई, म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन ही परीक्षा. फक्त हे लक्षात ठेव की सनद चालू ठेवून फुल टाइम पगाराची नोकरी करता येत नाही, तशी नोकरी मिळाली तर बार काउन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते. सुटं, कामापुरतं काम ही वेगळी गोष्ट.

अर्जात "कोणतंही काम चालेल" असं लिहू नकोस, त्यानं काहीच कळत नाही. मराठी-हिंदी-इंग्लिश जमिनीचे कागद आणि कॉन्ट्रॅक्ट रिव्ह्यू, दोन नमुने सोबत, आठवड्याला इतके तास, बास.

प्रश्न : घरून लीगल टायपिंगचं काम म्हणून ऑनलाइन फॉर्म भरला, काम वेळेत झालं नाही म्हणून आता व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आलीय, अ‍ॅग्रीमेंट मोडलं, इतके हजार भरा नाहीतर केस. खूप घाबरलेय. — ग्वाल्हेरची एक वाचक

उत्तर : एक रुपया पण भरू नका. वकिलाच्या नावानं आलेली नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि घरबसल्या टायपिंगच्या नावाखाली हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे, अशक्य मुदत द्यायची आणि मग धमकावायचं. सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, १९३० वर फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. आधार कार्ड दिलं असेल तर तेही तक्रारीत लिहा. आणि जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७ च्या कायद्यानं बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. घरच्यांना आजच सांगा, एकटीनं हे अंगावर घेऊ नका.