प्रवासात दाढीचा ब्रश खराब न होता कसा न्यावा? सोबत सेफ्टी रेझरही आहे, विमानाने जायचं आहे.

ब्रश भोकं असलेल्या कडक डबीत न्या. ओला ब्रश हवाबंद डबीत कोंबू नका. मुडपलेले केस भिजवले की बहुतेक वेळा सरळ होतात, पण ओल कोंडली की मुळाशी बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो. माझी नोकरी फिरतीची, त्यामुळे हा वास चांगलाच ओळखीचा आहे. गोळ्यांची रुंद तोंडाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या, तापवलेल्या खिळ्याने झाकणाला आणि बुडाला पाच-सहा भोकं पाडा. निघण्याआधी ब्रश झटकून टॉवेलवर पुसा, केसांची टोकं झाकणाकडे ठेवून आत सरकवा. मुक्कामी पोचल्यावर पहिल्यांदा तो बाहेर काढा, चहा नंतर. सारखी फिरती असेल तर सिंथेटिक केसांचा ब्रश बरा, बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशच्या मानाने लवकर वाळतो. साबणाची वाटी घरीच राहू द्या, शेव्हिंग स्टिक पुरते.

रेझरचं मात्र वेगळं: सुटी पाती केबिनच्या बॅगेत चालत नाहीत, ती चेक-इन सामानात टाका. फक्त हँडबॅग असेल तर पाती उतरल्यावर विकत घ्या, आणि रेझरमध्ये जुनं पातं राहिलेलं नाही ना, हे उघडून बघा.